इंजिन निवलंच नाही

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्यांना भुतं रात्री बारानंतरच लागतात, त्यांनी हे वाचू नये. कारण हे घडलं सकाळी सात वाजता. मागच्या डिसेंबरात, महागावात, फुलसावंगी रोडवरच्या माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये.

मामाचं नाव गुलाबसिंग. वय साठ. ट्रॅक्टरपासून बुलेटपर्यंत काहीही उघडतो, आणि आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, असं मरेस्तोवर म्हणणार नाही.

त्याच्याकडे श्रेयस यायचा. वीज कार्यालयातला तरुण अभियंता. त्याने नागपूरहून एक जुनी फोक्सवॅगन बीटल आणली होती. पाठीमागे इंजिन असलेली, गोल पाठीची.

त्याला ती रेसला न्यायची होती. आठशे किलोमीटर लांब, एका धावपट्टीवर. तिथे चारशे मीटर सरळ पळवायची आणि तिच्यातच बसून घरी यायचं. ट्रकवर लादून नेलेल्या गाडीला तो गाडीच मानत नव्हता.

दोन वर्षं दोघांचे सगळे रविवार त्या गाडीत गेले. मोठे पिस्टन घातले, दोन कार्बोरेटर बसवले. मामाला मूलबाळ नाही. पोराने जीव लावला, मामानेही लावला.

आता एक गोष्ट समजून घ्या. त्या इंजिनात पाणी नसतं. ते हवेवर निवतं. त्याच्या व्हॉल्वची फट ते पूर्ण निवल्यावरच सेट करायची, रात्रभर उभं ठेवून. गरम असताना केली तर ती कमी राहते आणि व्हॉल्व जळतो.

निघायच्या दिवशी दोघं गाडी पळवून आणूनच गॅरेजात आले होते. व्हॉल्व तेवढे राहिले होते. श्रेयसची सुट्टी मोजकी.

"काका, निवलं का?" त्याने विचारलं.

मामाने इंजिनाला हात लावला. हाताला चटका बसला.

"निवलं," मामा म्हणाला.

हदगावच्या पुढे तीन नंबरच्या सिलेंडरचा व्हॉल्व तुटला. गाडी बंद पडली. इंजिन मागे, म्हणून श्रेयस मागचं झाकण उघडून रस्त्यावर उभा राहिला. कापसाचा ट्रक आला. गाडीचा फक्त एक दिवा फुटला.

श्रेयस जागेवरच गेला.

मामा तेराव्याला जेवला नाही. पण बोललाही नाही, कोणाजवळच.

वर्षभराने श्रेयसची बायको ऋचा ती गाडी टेम्पोत घालून घेऊन आली. नीट करून द्या म्हणाली, मी स्वतः चालवत नेणार आहे. मामाला नाही म्हणवेना, आणि खरं सांगवेना.

त्याने सिलेंडरचं नवीन हेड बसवलं, नवीन व्हॉल्व घातले. आता फक्त सेटिंग उरलं होतं. ते इंजिन त्या अपघातानंतर एकदाही सुरू झालेलं नव्हतं. बॅटरी ऋचाच्या घरी होती. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता.

सकाळी सातला मामाने शटर उघडलं. तोंडातून वाफ निघत होती, इतकी थंडी.

आत...

टिक...

टिक... टिक...

लांबून आलेल्या गाडीचं लोखंड निवताना वाजतं, तो आवाज. कोणताही मेकॅनिक झोपेत ओळखेल.

मामाने हात लावला आणि ओरडून मागे घेतला.

इंजिन तापलेलं होतं.

पेट्रोलचा वास नाही. टायरवरची धूळ जशीच्या तशी. कुलूप मामाच्याच हाताने लावलेलं.

तो निवायची वाट पाहत बसला. दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ओली पोती टाकली, पंखा लावला. तीन नंबरची बाजू सगळ्यात जास्त तापलेली.

सहाव्या दिवशी ऋचा आली, झालं का विचारायला.

मामाने सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, तिच्याकडे न पाहता.

"म्या खोटं बोललो, ताई. इंजिन गरम होतं. म्या मारलं त्याले."

ऋचाने सरळ इंजिनावर तळहात ठेवला. मामा अडवायला धावला, पण तिने हात काढलाच नाही.

"थंडगार आहे, काका."

मामाच्या कानात मात्र...

टिक... टिक...

"श्रेयसला माहीत होतं," ऋचा म्हणाली. "गाडी बंद पडल्यावर त्याने मला फोन केला होता. काकांनी हात झटकन मागे घेतला, मी पाहिलं, म्हणाला. पण वडील माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?"

मामा खाली बसला. साठ वर्षांचा माणूस, ढसाढसा रडला.

व्हॉल्व शेवटी ऋचानेच सेट केले. मामा लांबून सांगत गेला. जानेवारीत ती एकटी गेली, धावपट्टीवर तिच्या गटात शेवटची आली आणि त्याच गाडीने परत आली. इंजिनाने वाटेत हूं की चूं केलं नाही.

मामाने गॅरेज बंद केलं. त्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. डॉक्टरांना तो सायलेन्सरचा म्हणून सांगतो.

होळीला मी भेटायला गेलो, तेव्हा तो शटर अर्धं उघडून आत बसला होता. गाडी जिथे उभी असायची ती जागा रिकामी.

"मले खोटं पाडाचं होतं रे त्यानं," मामा म्हणाला. "चार शिव्या द्याच्या होत्या. जगला असता."

मग त्याने मला विचारलं, तुला काही ऐकू येतं का.

मी नाही म्हणालो, मामा निवलं म्हणाला होता तसंच.

तेव्हापासून मलाही धड झोप लागत नाही.