चालत बोलणारा बेडूक

वाचनालयाच्या शांततेत बेडूक ओरडला.

वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले दोन वाचक दचकून जागे झाले आणि काउंटरमागच्या ग्रंथपाल मुलीने मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. एका हातात निथळती छत्री, दुसऱ्या हातात मोबाइल.

"चुकून वाजला," तो म्हणाला.

चुकून वाजलेला मोबाइल माणूस बंद करतो. याने आवाज वाढवला.

"हा पक्षी आहे की बेडूक, सांगता येईल?"

तिने हातातला शिक्का खाली ठेवला. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

प्रेमकथा सहसा अशा प्रश्नाने सुरू होत नाहीत. पण तिच्याकडे कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव दाजी.

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि गावातल्या पक्षिमित्र मंडळाचे तहहयात अध्यक्ष. गेल्या पावसाळ्यात मंडळाची फेरी पाणथळीवर गेली असताना ती सगळ्यांदेखत कुजबुजली होती, "फटाकडी!" फटाकडी हा मुठीएवढा पक्षी. लव्हाळ्यात राहतो आणि न दिसण्याबद्दल प्रसिद्ध आहे. दाजींनी कानामागे हात धरला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेडूक आहे गं बाई, बेडूक." तिथे बेडूक ओरडत होते हे खरंच होतं. शिवाय अध्यक्षांच्या कानाविरुद्ध मेहुणीचा कान कोण खरा धरणार? मंडळ पोट धरून हसलं आणि त्या दिवसापासून ती बेडूकताई झाली.

टोपणनाव गोंद लावल्यासारखं चिकटलं. दाजी पाहुण्यांना सांगत, "आमच्या मेहुणीला बेडकालासुद्धा पंख दिसतात." हळूहळू तिचाच स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. दारावरची बेल वाजली तरी तिला वाटायचं, शेजाऱ्यांची असेल. येत्या रविवारची फेरी आपली शेवटची, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता हा. ओला, हसरा आणि नेमका बेडूकच घेऊन आलेला.

"मला कोणीच पाठवलं नाही," तो म्हणाला. "पाणथळीच्या काठावर माझा दवाखाना आहे. कान तपासतो, ऐकायची मशीनं बसवतो. खिडकीतून रोज हा आवाज येतो."

"मग तुम्हीच ओळखा की. कान तुमच्याच खात्यात येतात."

"मला कान मोजता येतात. पक्षी नाही."

उत्तर चांगलं होतं. म्हणूनच तिला जास्त संशय आला. "मोबाइलवर नाही सांगता येणार," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी तो नवा आवाज घेऊन आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक… प्रत्येक वेळी एक पुस्तकही घेऊन जाई, म्हणजे परत करायला यावं लागे. ही पद्धत तिला माहीत होती. वाचनालयं निम्मी त्यावरच चालतात.

"खरंच ओळखायचं असेल तर सांगते," शेवटी ती म्हणाली. "बेडूक बसून बोलतो. फटाकडी चालत बोलते. आवाज जागचा हलतो का, ते बघायचं."

"आणि मोबाइलला एकच कान."

"दोन कान असले तरी नेमकी जागा कळत नाही. पाणथळीच्या दोन टोकांना दोन माणसं लागतात. दोघांनी आवाजाकडे हात करायचा. हातांच्या रेषा जिथे मिळतील, तिथे तो."

"दोन माणसं लागतात," तो गंभीरपणे म्हणाला. "एक मी आहे."

"आवाज कमी. वाचक झोपलेत."

"उद्या संध्याकाळी?"

"बघते," ती म्हणाली. 'बघते' हा शब्द बायका कधी वापरतात, हे तिलाही ठाऊक होतं. तिचा स्वतःवरही संशय होताच.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्याच्या कोपऱ्यावर पोचली आणि थबकली. दारातून दाजी बाहेर पडत होते. इकडेतिकडे बघत त्यांनी छत्री तोंडावर ओढली आणि भिंतीच्या कडेने सटकले.

म्हणजे झालं. दोघांनी मिळून तिला पुन्हा एकदा सगळ्यांपुढे उभं करायचं ठरवलं होतं.

"ते इथे कशाला आले होते?" तिने आत जाऊन सरळ विचारलं.

त्याचा चेहरा बदलला. "ते नाही सांगता येणार."

"ओळखता त्यांना?"

"तेही नाही."

"मला काय म्हणतात, ते माहीत होतं तुम्हाला? वाचनालयात यायच्या आधी?"

तो जरा थांबला. खोटं बोलायला एवढा वेळ पुरला असता. "हो," तो म्हणाला.

"छान. मग बेडूक तुम्हीच पाळा."

ती वळली… आणि खिडकीबाहेर तो आवाज आला. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा, कोरडा, बारीक. माणूस रागावला तरी त्याचे कान रागावत नाहीत. ती तशीच उभी राहिली.

"मी पायऱ्यांवर थांबतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बांधावर जा. हवं तर माझ्याशी बोलू नका. हातच करायचाय."

ती गेली. भुरभुरत्या पावसात पाणथळीच्या दोन टोकांना दोन शहाणीसुरती माणसं हात लांब करून उभी राहिली, वाहतूक पोलीस रस्ता चुकून आल्यासारखी. पहिल्यांदा रेषा मिळाल्या फुटक्या पाइपाशी. मग लव्हाळ्याच्या झुबक्याशी. मग पालथ्या होडीजवळ. खालच्या, जाड सुरात बेडकांचं डरावडराव जागच्या जागी चालू होतं. वरच्या पट्टीतला तो बारीक आवाज मात्र चिखलातून चालला होता. दाजीच मोबाइल घेऊन लव्हाळ्यातून रांगत असतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण दाजींचे गुडघे तिला माहीत होते.

दुरून त्याने जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. ती हसली नाही. निदान त्याला दिसेल असं नाही.

रविवारी मंडळ जमलं. तोही दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. आवाज आला तसा तिचा हात वर गेला. "फटाकडी," ती मोठ्याने म्हणाली आणि दोन टोकांना दोघांना उभं केलं. हात हलत गेले. हातांबरोबर मंडळाच्या मानाही फिरत गेल्या.

दाजींनी कानामागे हात धरला. "कुठे काय? बेडूकच तर ओरडतायत."

या वेळी कोणी हसलं नाही.

"अहो, तो वरचा, बारीक…" तिची थोरली बहीण म्हणाली. "कंगव्यासारखा."

"कुठला वरचा?" दाजींनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत तिने आधी कधीच न पाहिलेली भीती होती.

तिने झटकन पायऱ्यांकडे पाहिलं. कानाचा तो तज्ज्ञ स्वतःच्या बुटांची टोकं अतिशय आस्थेने न्याहाळत होता.

सगळं जागच्या जागी बसलं. छत्रीआडून सटकणारे दाजी. 'नाही सांगता येणार.' आणि गेल्या वर्षीचा तो निकाल. दाजी खोटं बोलले नव्हते. त्यांना खालच्या सुरातले बेडूकच तेवढे ऐकू आले होते; बारीक आवाज त्यांच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता.

वर्षभराच्या हसण्याची परतफेड आता तिच्या हातात होती. "दाजी, कान तपासून घ्या," एवढं म्हटलं की पुरे होतं. जिभेच्या टोकावर आलंही.

"दाजी, तुमच्या बाजूला वारा आहे," ती म्हणाली. "इकडे या. इथून ऐकू येतं."

वारा कुठेच नव्हता. हे तिला ठाऊक होतं आणि दाजींनाही. ते येऊन तिच्याशेजारी उभे राहिले, बराच वेळ. मग घसा साफ करून मंडळाकडे वळले.

"फटाकडी आहे," ते म्हणाले. "हिने गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

तिच्याशेजारी उभं राहूनही त्यांना फटाकडी ऐकू आली नव्हती. पण न ऐकता का होईना, दाजी पहिल्यांदाच बरोबर बोलले होते.

मंडळ पांगल्यावर ती पायऱ्यांशी आली. तो वरच्या पायरीवर होता.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"नाही."

"मग वाचनालयात कशाला आलात?"

"एका माणसाने मला एक विनोद सांगितला," तो म्हणाला. "मला हसू आलं नाही. का, ते सांगता येणार नाही. वाटलं, जिच्यावर तो विनोद होता तिने स्वतःच्या कानांनी पुन्हा एकदा ऐकायला हवं."

"त्यासाठी एक खेप पुरली असती. पुन्हा पुन्हा का आलात?"

"ते… सांगता येईल." त्याने पुन्हा बुटांकडे पाहिलं. "पण जमत नाहीये."

पाऊस भुरभुरू लागला तशी तिने छत्री उघडली. पाणथळीतून बेडकांचा सूर लागला होता. तिने मान तिरकी केली, फेरीत करायची तशी.

"माझा अजून संशय आहे."

"कशाचा?"

"आवाज नक्की कुठून येतोय, याचा. बसून बोलणारे पुष्कळ पाहिलेत मी."

तो एक पायरी उतरला. "इथून."

"आणि आता?"

तो आणखी एक पायरी उतरला. आता छत्री एकच पुरणार होती. तिने ती दोघांवर धरली आणि गंभीर चेहऱ्याने निकाल दिला.

"चालतोय. म्हणजे बेडूक नाही."