तिसऱ्या हाकेपर्यंत

ऑगस्टमध्ये मी कवठे महांकाळहून महाबळेश्वरला गेले, ते जोतीरामला बाजरीचं पीठ आणि घोंगडी द्यायला. जोतीराम माझा धाकटा भाऊ. एका हॉटेलची टॅक्सी चालवायचा. त्या दिवशी भरदुपारी धुकं दारातून आत येत होतं. वीज गेलेली, म्हणून चिमणी लावून आम्ही जेवायला बसलो. खोलीभर ओल्या गोणपाटाचा वास होता.

त्याच्या पट्ट्याला काळी डबी अडकवलेली होती. पेजर.

"जेवताना तरी काढ की रं."

"मालकानं घंटा बांधलीया, आक्का. म्हस काय आपली आपण सोडती व्हय ती?"

पेजरच्या कंपनीतल्या बाईला फोनवर निरोप सांगायचा, की तो डबीवर अक्षरांत उमटायचा. आवाज नाही, पाठवणाऱ्याचं नाव असेलच असंही नाही. डबी आधी आप्पासो नावाच्या ड्रायव्हरची होती. मागच्या पावसाळ्यात त्याची गाडी दरीत गेली, तेव्हाही ती त्याच्या कमरेला होती. नंबरसुद्धा तोच राहिला होता.

"नवी मागायची न्हाईस?"

"चालती की. नवी कशाला?"

आमची आई, हरणाबाई, लहानपणी बजावायची, अंधारात एका हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. दुसरं जे असतं, ते एकदाच मारतं. मोठा झाल्यावरही जोतीराम तिसऱ्या हाकेलाच उठायचा. सोबती त्याला बहिरा म्हणायचे.

डबी वाजली. एकदाच.

तो हातातला घास टाकून उठला. डबी चिमणीजवळ धरून त्यानं वाचलं, "पाहुणे थांबलेत. दरीच्या वळणावर ये."

"कुणी धाडलं?"

"नाव न्हाई. हाटेलातनंच आसंल."

"फोन करून इचार आधी."

"उशीर झाला तर नोकरी जाईल, आक्का."

त्यानं किल्ली घेतली. मी दारात आडवी उभी राहिले. धुक्यात अंगणातली त्याची गाडीसुद्धा दिसत नव्हती.

"जोती... आईनं काय सांगितलं हुतं?"

"आगं, ते माणसाच्या हाकंचं. हे यंत्र हाय."

"मग यंत्राला तीनदा वाजू दे."

तो हसला. पण दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. बाहेर पागोळ्या गळत होत्या, तेवढाच आवाज. डबी पुन्हा वाजली नाही.

धुकं विरळ झाल्यावर तो बोलणी खायच्या तयारीनं हॉटेलात गेला. मालक म्हणाला, आज एकही पाहुणा नाही, आणि सकाळपासून फोन बंद आहेत. वळणावरचा रस्ता दुपारीच खचला होता.

जोतीरामनं डबी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याबरोबर गावी आला. आता तो शेळ्या राखतो. आमच्याकडं पेजर कुणाजवळ नाही. त्याचे निरोप इकडं पोचतही नाहीत.

परवा जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबला. डावा हात कमरेला गेला. तिथं नुसता करदोटा होता.

"काय झालं रं?"

"आक्का... दुसऱ्यांदा वाजलं."

तेव्हापासून मी त्याच्याजवळून हलत नाही. तिसऱ्या हाकेला उठायचं, हे त्याला आईनंच शिकवलंय.