दीड फेरा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी पदरचं काही घातलेलं नाही. हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामा, श्रीमंत मिस्त्री. सोलापुरात पुणे नाक्याजवळ त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. साल १९७८, महिना मे.

आणि वेळ रात्रीची नव्हती. सुरुवात तरी भर दुपारची होती, बारा ते दोनमधली.

सोलापूरचा मे ज्याने काढलाय त्याला ती वेळ माहीत आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं...

गॅरेज दोघांचं होतं. श्रीमंत मोहोळकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याचा भागीदार गुरुलिंग शुक्रवार पेठेत राहायचा, घरी कन्नड बोलायचा. बारा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलं. पण गुरुलिंगच्या हाताची गोष्टच वेगळी होती. श्रीमंत तासभर इंजिनात डोकं घालून बसायचा, आणि गुरुलिंग लांबून चहा पीत सांगायचा, "श्रीमंता, तिसऱ्याचा प्लग बघ की."

तिसऱ्याचाच निघायचा.

गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "गुरुलिंग मिस्त्री हायत का?"

श्रीमंत समोरच उभा असायचा. "येतील की, बसा," म्हणायचा. मग आत जाऊन पाना जमिनीवर आपटायचा.

त्या वर्षी दोघांनी एक वेड डोक्यात घेतलं. पुण्याच्या एका मोटार क्लबची माणसं मे महिन्यात सोलापुरात शर्यत घेणार होती. गावाबाहेरचा सरळ रस्ता, अंतर पाव मैल. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, आधी पोचेल ती जिंकली.

हातात पैसा नव्हता. गाडी भंगारातून उभी राहिली. पेट्रोल महागल्यावर कुणी दारात ठेवीना अशा एका जुन्या अमेरिकन गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन. मोडक्या जीपचा सांगाडा. गिरणीच्या भंगारातले पाइप. वजन कमी व्हावं म्हणून दारं काढली, टप काढला, चालवणाऱ्याची सोडून बाकी सीटा काढल्या. आणि धरणाच्या कामावर मोडून पडलेल्या एका डंपरचा टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे साधी गोष्ट. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, ते इंजिनात वारा कोंबतं. वारा जास्त, तेवढी ताकद जास्त. पण फार कोंबला तर इंजिन फुटतं. म्हणून गुरुलिंगने जादा वारा बाहेर सोडणारा एक वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, स्वतःच्या हाताने बनवला. त्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर स्क्रू. स्क्रू आवळला की दाब वाढायचा, सैल केला की उतरायचा.

गुरुलिंगची एक सवय होती. काम मनासारखं झालं की कपाळावरची विभूती बोटाला लावून त्या नटावर ठिपका द्यायचा. म्हणजे तो नट त्याने बघितलेला.

मार्चमध्ये त्याला कावीळ झाली. आठ दिवसांत गेला.

श्रीमंत माती द्यायला गेला. रडलासुद्धा. पण परत येताना त्याच्या मनात एक विचार आला. मामाने तो मला स्वतःच्या तोंडाने सांगितलाय, म्हणून लिहितो.

'आता गाडी माझी एकट्याची.'

पण तसं झालं नाही. शेजारी रामहरीचं टायरचं दुकान होतं. तो रोज डोकवायचा. "काय मिस्त्री, गुरुलिंगची गाडी झाली का पुरी?"

गुरुलिंगची गाडी. सगळं गाव तेच म्हणायचं. तीन महिने पाइप वाकवून हात भाजले श्रीमंतचे, आणि नाव मेलेल्याचं!

त्याने ठरवलं, गुरुलिंगने काढली असती त्याहून जास्त ताकद या इंजिनातून काढायची. त्याने वालाचा स्क्रू आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून तो गॅरेजच्या दारात बाजेवर आडवा झाला. उठून बघतो तर...

स्क्रू सैल.

त्याने पाना लावून मोजलं. बरोबर दीड फेरा.

इंजिन हलल्याने झालं असेल म्हणावं, तर इंजिन दोन दिवस चालूच केलं नव्हतं. त्याने पुन्हा आवळला. पुढच्या दुपारी पुन्हा तेच.

दीड फेरा. ना कमी, ना जास्त.

तिसऱ्या दिवशी त्याने गॅरेजला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि बाहेर बाजेवर बसून राहिला. गिरणीचा बाराचा भोंगा झाला. रामहरी दुकान बंद करून घरी गेला. रस्ता मोकळा झाला.

आणि आतून आवाज आला...

सूंऽऽऽ...

टर्बोचं चक्र फिरत होतं.

श्रीमंतने कुलूप काढलं. आत पाऊल टाकलं आणि त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. क्षणभराने कळलं. पत्रा तडतडत नव्हता. एवढ्या उन्हात दिवसभर तडतडणारा पत्रा... एकदम गप्प.

चिमण्याही गप्प.

चक्र हळूहळू थांबत होतं. वालाच्या नटावर पांढरा ठिपका होता. बोटाएवढा.

ओला.

भीती नंतर वाटली, मामा म्हणतो. आधी अंगाची आग झाली.

"मेलास तरी सोडंनास व्हय रं?" तो त्या रिकाम्या गाडीवर ओरडला. "बारा वरसं तुजंच नाव झालं. एक काम तरी माजं ऱ्हाऊ दे की!"



गाडीखाली... फरशीवरून एक पाना हळूच सरकला.

श्रीमंत बाहेर पळाला. ऊन उतरेपर्यंत आत गेला नाही.

शर्यतीच्या दोन दिवस आधी गुरुलिंगची बायको नीलम्मा गॅरेजवर आली. नवऱ्याचा डबा आणि कपडे न्यायला. जाताना दारात थांबली.

"भाऊजी, एक सांगायचं राहिलं बघा. हे तापात एकच बोलत होते. ओंदूवरे, ओंदूवरे म्हणून. श्रीमंताला सांग म्हणाले. दुःखात माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कशाचं दीड हो ते?"

ओंदूवरे म्हणजे दीड. एवढं कन्नड श्रीमंतला येत होतं.

त्याने हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला.

"काय की वैनी," तो म्हणाला. "तापात माणूस कायबी बोलतंय."

ती गेली. श्रीमंत गाडीकडं बघत बसला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मित्र मरता मरता सावध करून गेला. श्रीमंतला तसं वाटलं नाही. त्याला वाटलं, मी याच्या पुढं जाऊ नये म्हणून हा धडपडतोय. मेल्यावरसुद्धा.

त्याने स्क्रू पुन्हा आवळला, अगदी घट्ट. मग गॅसची टाकी ओढली आणि त्यावर पितळेचा टाका मारला. स्क्रू जागेवर गोठला.

"आता सोड," तो म्हणाला.

शर्यत सकाळी आठला होती. बाभळीच्या झाडांखाली निम्मं सोलापूर जमलं होतं. समोर पुण्याची लाल गाडी, चकचकीत, परदेशी टायर. शेजारी आपला सांगाडा. लोक हसले. मग कुणीतरी ओरडलं, "अरं ही गुरुलिंगची गाडी हाय!" आणि टाळ्या पडल्या.

श्रीमंतने दात आवळले.

निशाण पडलं.

गाडी अशी उसळली की त्याचं डोकं मागं फेकलं गेलं. टर्बोची शीळ कानात घुसली. लाल गाडी बरोबरीला होती, मग मागं पडली. दाबाचा काटा तांबड्या रेघेवर गेला. तिच्या पुढं गेला. जळका वास आला. इंजिनाचा आवाज बदलला, कुणीतरी आतून हातोडी मारतंय असा. पाय काढायला हवा होता.

त्याने नाही काढला.

तेवढ्यात गाडीची डावी बाजू खाली बसली...

रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन बसावं, तशी.

श्रीमंतने मान वळवली नाही. फक्त ऐकलं. फस्सऽऽऽ. वाल उघडला. टाका मारून गोठवलेला वाल. काटा झर्रकन खाली आला, हातोडीचा आवाज थांबला, आणि गाडी रेघेपार गेली. लाल गाडीच्या एक हात पुढं.

जिंकला! श्रीमंत जिंकला होता!

तो उतरला. क्लबचे साहेब हातात कागद घेऊन आले. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मिस्त्री, नियम वाचला नव्हता का? एका गाडीत एकच माणूस."

"एकलाच हुतो की साहेब."

"मग शेजारचा कुठं उतरला?"



रेघेवर दोन पंच उभे होते, रस्त्याच्या दोन बाजूंना. दोघांनी एकमेकांना न विचारता आपापल्या कागदावर एकच लिहिलं होतं. गाडीत दोघे. दुसरा डावीकडे, कपाळावर पांढरे पट्टे.

धाव बाद झाली. कप लाल गाडीला गेला.

लोक पांगले. रामहरी जवळ आला. "मिस्त्री... आमीबी बघितलं."

दोघांनी तिथंच इंजिनाचे प्लग काढले. सहाच्या सहा प्लगांची टोकं वितळत आली होती. अजून दोन क्षण, आणि इंजिन फुटून श्रीमंतच्या अंगावर आलं असतं. मग वाल बघितला. पितळेचा टाका शाबूत होता, चीरसुद्धा नाही. श्रीमंतने कानशीने तो घासून काढला आणि खालचा स्क्रू मोजला.

दीड फेरा सैल.

रामहरी निघून गेला. पुन्हा त्याने गॅरेजमध्ये पाऊल ठेवलं नाही.

त्याच दुपारी बारा वाजता श्रीमंत शुक्रवार पेठेत गेला. का गेला ते त्यालाही सांगता येत नाही. बोळात सामसूम होती. नीलम्मा दारातच उभी होती, वाट बघत असल्यासारखी.

"काय झालं भाऊजी? खरंच जिंकली का गाडी?"

त्याने तोंड उघडलं. गाडी आधी पोचली एवढं सांगायला काय जात होतं? नवरा गेलेली बाई. तिला एवढं सुख पुरलं असतं. पण व्हय म्हटलं तर ती काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. ह्यांची गाडी जिंकली, असंच म्हणणार.

"न्हाय वैनी," तो म्हणाला. "हरलो. निम्म्यातच बंद पडली."

नीलम्माच्या कपाळाला आठी पडली.

"असं कसं? आता तर सांगितलं, जिंकली म्हणून."

"कुनी?"

तिची नजर श्रीमंतवरून हलली, त्याच्या खांद्यावरून मागं गेली, बोळाकडं. मग तिने डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरधनी समोर आला की ओढतात, तसा.

श्रीमंतच्या मानेवर गार वारा आला. मे महिन्यात... भर दुपारी.

तो मागं न बघता भिंतीला घासत बोळातून निघाला. त्याच आठवड्यात गाडी मोडून वजनावर विकली आणि बार्शीला गेला. तिथं शेतावरची इंजिनं दुरुस्त करून जन्म काढला.

मामा आज ऐंशीच्या पुढं आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला विचारलं, "मामा, त्याने तुला वाचवलं ना रे?"

"वाचवलं आसंल."

"मग एकदा मागं वळून का नाही बघितलंस? एवढं भ्यालास?"

मामाने दात आवळले. पंचेचाळीस वर्षांनीसुद्धा.

"भ्यालो न्हाय," तो म्हणाला. "त्यो हसत आसता तर... मला बघवलं नसतं."