शेजारच्या खुर्चीपायी

त्यांची पहिली भेट झाली ती चक्क हॉस्पिटलच्या संडासाच्या दारात. तो बाहेरून दार बडवत होता आणि ती आतून ओरडली, "अहो, जरा दम धरा की!"

"तोच तर धरवत नाहीये…"

बाहेर आली तेव्हा ती लाजेने लाल झाली होती. पण क्रोन्सच्या माणसांत कसली आलीय लाज! आतड्याला आतून जखमा करणारा मेला आजार. तिने दर आठ आठवड्यांनी यायचं, आरामखुर्चीत टेकायचं आणि औषध थेंबाथेंबाने शिरेत उतरेपर्यंत पडून राहायचं. त्या दिवशी त्याला नेमकी शेजारचीच खुर्ची मिळाली. तो बोलत राहिला आणि ती हसली… कितीतरी महिन्यांनी हसली.

मग दर वेळी तो शेजारी हजर. "आपल्या तारखा बऱ्या जुळतात हं!" ती म्हणायची. तो नुसता गालात हसायचा. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, तिलाही कळलं नाही.

औषधाने ती अंगाने भरत गेली, तो मात्र वाळत चालला. एकदा तर भिंत धरत आला. सिस्टर कडाडल्या, "तारीख पुढे ढकलू नका म्हणून कितीदा बजावलं! खंड पडला की शरीर औषधालाच शत्रू समजतं. आता हे लागू पडत नाही तुम्हाला. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनच!"

सिस्टर गेल्यावर तिने विचारलं, "का ढकलल्यास रे तारखा?"

"मला सहा आठवड्यांनी यायचं असतं गं. पण तू… आठ आठवड्यांनी येतेस ना."

"गाढवा! मी मागितलं होतं का हे?"

"नाही. मला हवं होतं."

ती हमसून हमसून रडली. तिचा जीव होता त्याच्यावर, आणि तिच्याच पायी त्याचं आतडं सडलं होतं.

ऑपरेशननंतर ती वॉर्डात गेली, तर त्याने तोंड फिरवलं. पोटाला शौचाची पिशवी लागली होती, कायमची.

"वास येतोय. जा तू. कुणी धडधाकट बघ."

ती सिस्टरांकडे वळली. "पिशवी कशी बदलायची, मला दाखवता?"

"तुम्ही कोण यांच्या?"

"होणारी बायको."

त्याने गर्रकन मान वळवली. "अगं… मला विचारलंस तरी का?"

"तू विचारलं होतंस, तारखा ढकलताना?"

त्याला हसू फुटलं, पाठोपाठ रडू, आणि ओल्या टाक्यांनी तो कळवळला. तिने हातमोजे चढवले.