बाकावरची सकाळ

डबा द्यायचा आणि परत यायचं, एवढंच काम होतं. आई म्हणाली होती, "मामाला हातात दे हं, नाहीतर विसरेल जेवायला."

पण नाट्यगृहात आरडाओरडा चालला होता, म्हणून ती पोर डबा घेऊन दारातच थांबली. मोठ्यांच्या बोलण्यात शिरायला ती बिचकायची.

"अहो, ही हिवाळ्यातली संध्याकाळ?" दिग्दर्शक मामावर खेकसत होते. "बाई दिवसभर बाकावर वाट बघते, कोणी येत नाही, दिवस मावळतो. लोकांचे डोळे भरायला हवेत इथे! तुमच्या उजेडात वाटतं, आत्ताच दूधवाला येऊन गेला."

"साहेब, नारिंगी आहे, मग जांभळा. डावीकडूनच टाकलाय. सगळं बरोबर आहे."

"मी चहा घेऊन येतो. तोवर संध्याकाळ झाली नाही, तर प्रयोगाला दुसरा प्रकाशवाला बघतो."

ते गेल्यावर तिने डबा मामाच्या हातात दिला, पण त्याने तो उघडलाही नाही.

"उभा जन्म दिवस उगवायला आणि मावळायला लावण्यात गेला," तो म्हणाला. "आता हेच काम गेलं तर... तू बघ जरा, चिमणे. तुझी नजर ताजी आहे."

ती पहिल्या रांगेत बसली. रंगमंचावर एक रिकामा बाक, बाकी काही नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण इथे खुर्च्यांमध्ये मिट्ट काळोख, आणि दिव्यांवर तापलेल्या रंगीत कागदांचा करपट वास.

मामाने सकाळ केली. उजवीकडून फिकट पिवळा उजेड आला, त्यात थंडीची निळसर झाक. बाकाची सावली डावीकडे लांबली. मग डोक्यावरून पांढरी दुपार आली, सावली बाकाखाली जाऊन दडली. मग नारिंगी, जांभळा. सावली हळूहळू उजवीकडे पसरली.

तरीही सकाळच वाटत होती. का बरं?

ती पुढे वाकली. बाकाची सावली उजवीकडे होती. पण डावीकडेही एक सावली होती. बसलेल्या माणसाची. मान खाली, मांडीवर पिशवी.

बाक रिकामा होता.

"मामा, सकाळचा दिवा चालू राहिलाय."

"छे! बंद केला की मघाशीच."

ती वर चढली. भीती वाटायला हवी होती, पण त्याआधी तिला बघायचं होतं. त्या सावलीवर तिने हात धरला. सावली हातावर पडली नाही, तशीच खाली राहिली. रंगमंचाच्या बाकीच्या फळ्या दिव्यांनी तापल्या होत्या. तेवढीच जागा गार होती, पहाटेच्या फरशीसारखी.

म्हणून मावळत नाही होय, तिच्या लक्षात आलं. कोणाची तरी सकाळ अजून संपलीच नव्हती.

अनोळखी माणसांशी तिला बोलता येत नसे. पण हे माणूस तिच्याकडे टक लावून बघत नव्हतं.

"संध्याकाळ झाली..." ती कुजबुजली. "आता कोणी येणार नाही..."

काही हललं नाही.

निघणाऱ्याला 'जा' म्हणायचं नाही, 'या' म्हणायचं, ही घरची शिस्त तिच्या अंगात मुरलेली.

"बरं... या मग."

सावलीने मान वर केली. पिशवी उचलली. आणि फळ्यांवरून घसरत पायऱ्यांकडे निघून गेली.

मग संध्याकाळ झाली. खरीखुरी.

दिग्दर्शक चहाचा पेला घेऊन दारातच थबकले. "झाली की हो," ते हलकेच म्हणाले. "उद्या असंच ठेवा. काय केलंत?"

"काही नाही साहेब," मामा तिच्याकडे बघत म्हणाला, "कुठलातरी दिवा राहिला होता."

तालीम संपल्यावर मामा खुशीत तिला सोडायला घरापर्यंत आला. ऊन कलून पाठीशी गेलं होतं. दोघांच्या लांब सावल्या पुढे पुढे चालत होत्या. तिने सहज मागे पाहिलं. त्यांच्यामागून तिसरी सावली येत होती, सूर्याच्या दिशेने पडलेली.

"मामा..." ती म्हणाली. पण मामा शीळ घालत होता.

आईने दार उघडलं. भावाला ती 'ये' म्हणायची, आणि हिला तर काहीच म्हणायची नाही. आज तिने दोघांच्या खांद्यांवरून मागे पाहिलं, पदर सारखा केला आणि हसून म्हणाली,

"या ना... पिशवी द्या इकडे."