मधुवंती बँडची साखळी

ग्रामपंचायतीपुढच्या पटांगणात पांढरी गाडी उभी राहून आज तिसरा दिवस होता, तरी आटेवाडीची रांग काही सरत नव्हती. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात सव्वीस वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं. कुणी ट्रंकेच्या तळातून विटका मास्क काढून आणला होता, कुणी वारलेल्या सासऱ्याची कवळी, कुणी नुसता स्टीलचा चमचा. पाटलांची थोरली सून तर शाळेतल्या मास्तरांची शिट्टी रुमालात गुंडाळून उभी होती. गलका आणि ढकलाढकली मात्र रेशनच्या रांगेसारखीच. दशरथ गेजगे हिंगाची रिकामी डबी मुठीत धरून सगळ्यांच्या मागे उभा होता, आणि आपला नंबर येऊच नये असं त्याला वाटत होतं.

गाडीचं कागदोपत्री नाव 'साथसाखळी वाचन केंद्र'. लोक तिला वाचनगाडी म्हणत. लाळ कितीही जुनी, कितीही वाळलेली असो, गाडीतलं यंत्र तिच्यातले विषाणूचे तुकडे गोळा करून वाचायचं आणि रोग कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगायचं. पुढची साथ कुठल्या वाटेनं धावेल ते आधी कळावं म्हणून शास्त्रज्ञांनी हा खटाटोप केला होता. पण गावाला शास्त्राशी काय देणंघेणं? गावाला एवढंच हवं होतं, की तेव्हा आमच्या घरात तो आणला कुणी.

"आता कळंल, कुणी कुणाचं वाटुळं केलं त्ये!" रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि चारजण हसले. दशरथ हसला नाही.

काल मयुरी त्याच्या दारात आली होती. उत्तम ऐवळेची मुलगी. गाव सोडलं तेव्हा सात वर्षांची चिमुरडी होती, आता इचलकरंजीच्या शाळेत बाई होती. चहाला हात न लावता ती म्हणाली, "काका, बाबांना श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणतात, दोन महिने, फार तर तीन. जायच्या आत त्यांना एकदा कळू दे की त्यांनी कुणाला मारलं नाही. बँडमधलं त्यांच्या तोंडचं काही उरलंय का तुमच्याकडं?"

उरलं होतं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची वेळूची पातळ पत्ती, हिंगाच्या डबीत कापसावर ठेवलेली. दशरथ "बघतो" एवढंच म्हणाला आणि रात्रभर कूस बदलत राहिला.

मधुवंती ब्रास बँड! काय दिवस होते ते! लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, वैशाखात आतून घामाच्या धारा. पुढे रावजी मास्तर, त्यांच्यामागे उत्तम क्लॅरिनेट घेऊन, आणि उत्तमच्या डाव्या हाताला दशरथ, दुसरं क्लॅरिनेट घेऊन. पाठवणीच्या वेळी उत्तमनं सूर उचलला की नवरीची आई राहू द्या, आचारीसुद्धा झारा खाली ठेवून डोळे पुसायचा. बँडवाल्यांचं पान मात्र मांडवाच्या मागं, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. तरी वराती संपल्यावर टेम्पोत आडवे पडून, एकमेकांच्या मांडीवर डोकं ठेवून, दोघं हसत हसत घरी यायचे. दशरथाला वाटे, तेवढं एक वर्ष कुणी परत दिलं तर बाकीचं आयुष्य आपण फुकट देऊन टाकू.

मग साथ आली. दुकानांपुढे चुन्याची वर्तुळं आली, चौकात काठीवाला पोलीस आला, आणि लागोपाठ दोन हंगाम बँड पोत्यात गेला. दुसऱ्या लाटेत एका बागायतदाराच्या मळ्यात लग्न निघालं. कागदावर पंचवीस माणसं, मांडवात तीनशे. 'बँड आणा, पण दबक्या आवाजात वाजवा,' असा निरोप आला. दबक्या आवाजात बँड! पोटाची खळगी काय काय करायला लावते! त्यांनी ढोलात गोधडी कोंबली आणि उत्तमच्या शेळ्यांच्या गोठ्यात दहा दिवस सराव केला.

पत्त्या झिजलेल्या, दुकानं बंद. धड अशी एकच पत्ती उरलेली. कोरडी पत्ती नुसती किंचाळते, म्हणून ती आधी तोंडात धरून ओली करावी लागते. एकानं ओली करून वाजवायची, मग दुसऱ्यानं. सख्ख्या भावांगत वाढलेले दोघे, एकमेकांचा विटाळ कसला धरणार? लग्नाच्या दिवशी पत्ती उत्तमकडे राहिली आणि दशरथानं तोंडाला मास्क लावून छोटा ड्रम गळ्यात अडकवला. त्या सकाळी त्याचं अंग कसकसत होतं. तापाची गोळी गिळून तो गुपचूप मांडवात गेला.

पुढच्या तीन आठवड्यांत आटेवाडीत अकरा माणसं गेली. रावजी मास्तरही गेले. आणि लग्नाचा एक व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला. त्यात सगळ्यांत पुढे, उघड्या तोंडानं, गाल फुगवून वाजवणारा उत्तम. मास्क लावून क्लॅरिनेट वाजवायचं कसं, हे कुणी विचारलं नाही. तीनशे माणसं जेवून हात पुसून गेली होती, त्यांना कुणी बोललं नाही. उत्तमच्या बायकोला नळावरून रिकामी घागर घेऊन परतावं लागलं. पत्र्यावर दगड पडले. चावडीत बैठक बसली तेव्हा सरपंचांनी दशरथाला विचारलं, "लग्नाआधी उत्तमला ताप हुता का रं?" दशरथानं मान खाली घातली आणि म्हणाला, "असंल."

बस, एवढाच शब्द. आठवड्याभरात ऐवळ्यांच्या घराला कुलूप लागलं. रिकाम्या गोठ्यात पडलेली पत्ती दशरथानं उचलून हिंगाच्या डबीत जपली. उत्तम इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला गेला आणि पुन्हा कधी वाजवायला उभा राहिला नाही. ताप आपल्याला होता, पत्ती आपण तोंडात धरली होती, हे दशरथ सव्वीस वर्षं उरात दाबून जगला. आज मात्र त्यानं ठरवलं होतं की यंत्र जे सांगेल ते मयुरीपुढे जसंच्या तसं ओकायचं.

गाडीत रेश्मा मुलाणी नावाची तरुण तंत्रज्ञ होती. तिनं चिमट्यानं पत्ती उचलली, दशरथाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला आणि दोन्ही यंत्रात ठेवलं.

"ह्याला कसं कळतं गं, बाळ?" दशरथानं विचारलं.

"आजोबा, पोरं एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात ना? उतरवताना चुका होतात. दुसऱ्याच्या वहीत पहिल्याच्या चुका आणि वर एक आपली. विषाणू तसाच स्वतःची नक्कल करत जातो. चुका मोजल्या की कुणी कुणाचं पाहून लिहिलं ते कळतं. आणि लाळेत माणसाच्या पेशी असतात. त्यावरून माणूस बाई की बुवा, वय काय, नातं काय, तेही निघतं."

पाऊण तासानं पडदा उजळला. रेश्मानं दोनदा वाचून पाहिलं.

"पत्तीवर तीन माणसांची लाळ आहे. साखळीत तिसरे तुम्ही."

"तिसरा?" दशरथ पुढे वाकला. "पयला न्हाई? नीट बघ. ताप मला आला हुता."

"तुम्हाला तो दुसऱ्या माणसाकडून आलाय. पुरुष, तेव्हाचं वय चव्वेचाळीसच्या आसपास. आणि त्याला पहिलीकडून. पहिली एक मुलगी आहे, सहा-सात वर्षांची. त्या दुसऱ्याची सख्खी मुलगी."

दशरथानं खुर्चीचा हात धरला. मयुरीला पिपाणी वाजवायचा भारी नाद. सरावाच्या मधल्या वेळेत पत्ती पळवायची, शेळ्यांपुढे उभी राहून फुंकायची, आणि उत्तम लटक्या रागानं तिच्या मागे धावायचा. डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं.

"तिला कुठनं आला?"

"गावातल्याच एका मास्कशी जुळतंय. कलाप्पा शेटे, पानपट्टीवाले. घरच्यांनी नाव लावायला परवानगी दिलीय, म्हणून सांगते."

दशरथाला ती पानपट्टी आठवली. सरावाच्या आदल्या दिवशी त्याला तंबाखूची तलफ आली होती. पानपट्टी बंद, पण कलाप्पा मागच्या दारानं माल द्यायचा. मोठा माणूस दिसला की पोलीस काठी घालायचा, पोराबाळांना कोण हटकतंय? त्यानंच मयुरीच्या मुठीत नोट कोंबली होती. "जा गं मयू, पळत जा, मागच्या दारानं. उरलेल्याच्या गोळ्या घे." पोरगी वाऱ्यासारखी गेली होती.

"आजोबा, वस्तू ज्यानं आणली, निकाल त्याचा. नावं गाडीबाहेरच्या साखळीच्या फळ्यावर लावायची की त्यांच्या जागी नुसते करडे ठिपके ठेवायचे, ते तुम्ही सांगायचं," रेश्मा म्हणाली.

"पयल्या ठिपक्याला माझं नाव लाव."

"खोटं लावता येत नाही हो."

"मग समदे करडेच ठेव, बाळ. आन् ह्या कानाचं त्या कानाला करू नगंस."

मयुरी बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी होती. दशरथ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं काही विचारायच्या आतच तो बोलून गेला, "माझ्यामुळं झालं, पोरी. तुज्या बाचा काय बी दोष न्हाई. मला ताप हुता, आन् मी बोललो न्हाई. चावडीत इचारलं तवा मी त्याच्यावर ढकललं."

मयुरी एक पाऊल मागं सरली.

"काका, मी नव्या शाळेत गेले तरी तिथं तो व्हिडिओ आधीच पोचला होता. मला कुणी शेजारी बसवून घेत नव्हतं. बाबा पेटी उघडायचे, क्लॅरिनेट पुसायचे आणि परत ठेवून द्यायचे. तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

"न्हाई आला," दशरथ म्हणाला.

"मग हेच तिकडं सांगा. सगळ्यांच्या देखत."

त्यानं सांगितलं. रांगेपुढे उभं राहून, टोपी हातात घेऊन सांगितलं. आणि मग जो गिल्ला उठला! ज्यांनी ऐवळ्यांच्या पत्र्यावर दगड टाकले होते तेच सगळ्यांत पुढे होते. "आरं गरिबाला देशोधडीला लावलंस की रं!" म्हणत एकानं अंगावर धाव घेतली. बिचारा उत्तम, सोन्यासारखा माणूस, असं जो तो म्हणू लागला. मनगटावरचे फोन वर झाले आणि संध्याकाळच्या आत दशरथाचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. नळावरून कुणी त्याला परत पाठवलं नाही, कारण आता घरोघर नळ होते. पण शेजारणीनं रोजची भाकरी धाडली नाही. दशरथानं चुरमुऱ्यांवर भागवलं आणि मनात म्हणाला, असं असतं होय हे. उत्तमनं हे सव्वीस वर्षं सोसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. छातीतून घरघर करत येणारा, तुटक.

"दशा?"

ह्या आवाजासाठी दशरथाचे कान तहानले होते, आणि ह्याच आवाजाला तो सगळ्यांत जास्त भ्यायला होता. "उत्त्या... माफ कर लेका. चुकलो मी."

"रडू नगंस, येड्या. मला दम न्हाई, मला बोलू दे." उत्तम थांबत थांबत बोलत होता. "पोरीनं मला तुजा व्हिडिओ दावला. तू खोटं बोललास."

दशरथानं फोन कानाशी घट्ट धरला.

"सरावाच्या तिसऱ्या दिशी मयूचं अंग तापलं हुतं. ऊन लागलं म्हून आमी वाळा उगाळून लावला. मागनं समदं ध्यानात आलं. पण सात वर्साच्या पोरीला गाव काय म्हनंल, दशा? अकरा मढी तिच्या नावावर? म्हून मी तोंड उघडलं न्हाई. म्हनलं, माझंच नाव घेऊ द्या."

"तुला तवापासनं ठावं हुतं?" दशरथानं विचारलं. "आन् मी ताप लपवल्याला?"

"त्ये बी ठावं हुतं. राग आला हुता. लई वर्सं हुता. मग गेला. आठवन काय राग बघून येती व्हय? तुज्याबिगर सूर लावावासाच वाटंना, एवढंच झालं."

दशरथानं डोळे पुसले. आता एकच गोष्ट उरली होती आणि ती न सांगता फोन ठेवला तर आपल्याला मरण नीट यायचं नाही, हे त्याला कळत होतं.

"उत्त्या, पोरीला त्यो कलाप्पाच्या पानपट्टीवर लागला. यंत्रात आलंय तसं. आन् तिला तिथं मी धाडलं हुतं. मागच्या दारानं, तंबाखूला."

पलीकडे बराच वेळ फक्त घरघर. दशरथाला वाटलं, फोन गेला.

"ह्ये मला ठावं नव्हतं," शेवटी उत्तम म्हणाला. मग थांबून, अगदी हळू, "किती पुड्या आणल्या हुत्या रं तिनं?"

"दोन."

"दुसरी माझी, व्हय ना?"

"तुझीच."

"गोठ्यात बसून खाल्ली मी. कुटनं आली म्हून इचारलं बी न्हाई."

सत्तरीला टेकलेले दोन म्हातारे, मध्ये दीडशे किलोमीटर, आणि एकाचा श्वास दुसऱ्याला स्पष्ट ऐकू येत होता. इतक्यात पलीकडे दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला, आणि मयुरीचा मोकळा, हलका झालेला आवाज दशरथाच्या कानावर पडला.

"बाबा, काकांचा फोन ना? काय म्हणतात? सगळं खरं सांगितलं ना त्यांनी तुम्हाला?"