टाचणी, गुंडी आणि उंदीरमामा

"हे उंदराने खाल्लंय," असं म्हणून त्याने शर्ट माझ्या टेबलावर पसरला.

बाहीला कोपराच्या जरा वर भोक होतं. मी डोळ्याला भिंग लावलं. कडा ओबडधोबड, धागे कुठे आखूड, कुठे लोंबलेले... उंदराचंच काम! मी रफू करते. भोक बघितलं की ते ठिणगीने पडलंय, खिळ्याने फाटलंय की कसरीने खाल्लंय, हे मला लगेच कळतं. त्यात काही मोठेपणा नाही, रोजचंच आहे.

"घरात फार झालेत का?" मी विचारलं. "पिंजरा लावा की एखादा."

"पिंजरा आहे ना. चांगला दुमजली आहे. आत झोपाळापण आहे."

मी मान वर केली. हा माझी थट्टा करतोय का? चेहरा तर गंभीर होता. केस पावसाने भिजलेले, डोळे मात्र हसरे... आणि तेवढ्यात त्याच्या कॉलरमधून मिशा बाहेर आल्या. मिशांच्या मागोमाग एक गुलाबी नाक!

मी किंचाळले. खोटं कशाला बोलू? चांगली खणखणीत किंचाळले. खडू एकीकडे, स्टूल एकीकडे आणि मी पार इस्त्रीच्या टेबलामागे.

"अहो, अहो! पाळलेली आहे," तो म्हणाला. "आणि तुमच्यापेक्षा तीच जास्त घाबरलीय. बघा तरी."

मी बघितलं. मूठभर जीव तो... करडं डोकं, पांढरं पोट. त्याची कॉलर दोन्ही इवल्या हातांनी घट्ट धरून थरथरत होती. माझ्याकडे अशी टुकूटुकू बघत होती, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तो आमच्याच गल्लीच्या टोकाला, प्राण्यांच्या दवाखान्यात काम करायचा. कोणीतरी घर बदलताना दोघी बहिणींना खोक्यात घालून दवाखान्याच्या दारात सोडून गेलं होतं. एक ही, आणि दुसरी त्याच्या खिशात झोपली होती.

"दवाखान्यात दिवसभर कुत्री भुंकतात, मांजरं ओरडतात. या बिचाऱ्यांना झोपच नाही. यांना शांत घर हवंय." त्याने माझ्या दुकानावरून नजर फिरवली. नंतर ती नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली. "तुमच्याकडे किती शांत आहे..."

आता किंचाळून किंचाळून माझा घसा बसला होता, म्हणून शांत होतं! पण माझ्या तोंडून काय निघावं?

"मी नेते."

शप्पथ सांगते, हे मी म्हणाले! झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी मी!

"दोघींना?" त्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू... "एकटं नाही राहवत त्यांना."

"दोघींना."

"पण एक अट आहे. रुळल्या नाहीत तर मी परत नेणार. तेव्हा हट्ट करायचा नाही. आणि तोवर अधूनमधून बघायला येईन. चालेल?"

"चालेल की!" मी जरा जास्तच पटकन म्हणाले.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत मी आणि आत्या राहतो. आत्याने पिंजरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "घरात उंदीर शिरू नयेत म्हणून माझा जन्म गेला, आणि ही बया त्यांना मिरवत घेऊन येते! एक तर ते राहतील, नाहीतर मी."

"आत्या, तू राहा. तेही राहतील."

"बघते मी तुझ्याकडे," आत्या म्हणाली, आणि दार आपटून स्वयंपाकघरात गेली.

चपळ होती तिचं नाव टाचणी ठेवलं, गुबगुबीत होती तिचं गुंडी. पिंजरा खिडकीपासून लांब, भिंतीला लागून ठेवायचा, अर्ध्यावर चादर टाकायची, हे सगळं त्यानेच शिकवलं. मी जुन्या जीन्सचा झोपाळा शिवला, तर त्याला केवढं कौतुक! उलटसुलट करून टीप बघत बसला.

"वरून हात घालायचा नाही," तो म्हणाला. "वरून काही आलं की यांना घार वाटते. खालून जायचं. तळवा असा उघडा..." त्याने माझं मनगट धरलं आणि हात हळूच पिंजऱ्यात नेला. "आता थांबायचं."

"किती वेळ?"

"त्यांना वाटेल तितका. ओढायचं नाही, बोलवायचं नाही. नुसतं आहोत, एवढं त्यांना कळू द्यायचं."

मनगट त्याने अजून सोडलं नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.

जाताना त्याने पिशवीतून एका जुन्या सदऱ्याची बाही काढली. "ही आत ठेवा. माझा वास त्यांच्या ओळखीचा आहे. ओळखीचा वास जवळ असला की नवी जागा परकी वाटत नाही."

तो गेल्यावर, आत ठेवण्याआधी, मी ती बाही एकदा नाकाशी नेली. तपासायला हो! साबण, औषधं, आणि... जाऊ दे.

पहिले काही दिवस दोघी त्या बाहीतून बाहेरच येईनात. मी तळवा पसरून बसायचे, हाताला मुंग्या यायच्या. मग एकदा टाचणी आली, बोट हुंगलं आणि वाटाणा पळवला. मी आनंदाने इतकी ओरडले, की ती पुन्हा बाहीत! गुंडी मात्र फार भित्री. ती आली ती एका दुपारी, अगदी अचानक. थेट हातावरून चढून माझ्या मानेपाशी जाऊन बसली. मी श्वास रोखला... आणि तेवढ्यात कानाशी आवाज आला. कर्र... कर्रर्र...

मी घाबरत घाबरत फोन लावला. "अहो उंदीरमामा, लवकर या! गुंडी दातओठ खातेय! फार चिडलीय माझ्यावर, आता चावणार बहुतेक!"

तो धावत आला. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. माझ्या मानेशी कान आणून ऐकायला लागला. इतक्या जवळ, की माझे दात वाजायचेच बाकी होते.

आणि तो हसायला लागला. "अहो, ओठ कुठे? नुसते दात खातेय. दात खातात ती रागावलेली माणसं. यांचं उलटं असतं. खूश असल्या, आवडत्या माणसाजवळ निवांत बसल्या, की असा आवाज करतात."

"आवडत्या... माणसाजवळ?"

"हो." त्याने नजर पटकन गुंडीकडे वळवली. "आणि एक सांगू का? मला मामा म्हणू नका हो."

"का बरं? उंदीरमामा किती छान आहे!"

"मामा सोडून काहीही म्हणा."

"काहीही?"

त्याचे कान लालबुंद झाले. मला इतका आनंद झाला, की मीही दात खायला सुरुवात करणार होते. पण तो उठला आणि म्हणाला, "चला, आता या रुळल्याच म्हणायच्या. मग मला काही यायला नको."

यायला नको? म्हणजे, येणारच नाही?

"छे हो! कुठल्या रुळतायत!" मी म्हणाले. "आज जरा बरं दिसतंय एवढंच. एरवी कोपऱ्यात बसून असतात. काल तर घासभर खाल्लं नाही."

काल गुंडीने उकडलेलं अंडं फस्त केलं होतं. तेही आत्याच्या हातून! आत्या मला बघून म्हणाली होती, "उरलं होतं म्हणून दिलं, उगाच काही समजू नकोस."

तर मग तो येत राहिला. येताना दरवेळी एक फाटका शर्ट आणायचा. दवाखान्यात एक ससा आलाय, फार कुरतडतो म्हणे. मी शर्ट घ्यायचे, बाजूला ठेवायचे आणि त्याच्याशी बोलत बसायचे. तो समोर असताना भिंग कोण लावतंय! तो गेल्यावर तंद्रीतच टाके घालायचे. आणि "कशा आहेत?" असं विचारलं, की मी लांब चेहरा करून म्हणायचे, "नाही हो... अजून नाही."

आणि एके दिवशी तो गंभीर होऊन म्हणाला, "मी ठरवलंय. त्यांना परत नेतो."

"काय?"

"इतके दिवस झाले. तुम्ही जिवापाड करताय, दिसतंय मला. पण त्यांचा जीव रमत नाही. एक ओळखीचं कुटुंब आहे, त्यांनी आधी उंदीर पाळलेत. उद्या सकाळी येतो."

खरं सांगावं, तर हा म्हणणार, इतके दिवस खोटं बोललात? आणि पुन्हा पायरी चढणार नाही. खरं सांगू नये, तर माझी टाचणी, माझी गुंडी जाणार! काय करू? मी नुसती मान हलवली, आणि तो गेला.

सकाळी मी रडवेल्या तोंडाने त्याचा शेवटचा शर्ट रफूला घेतला. खिशात टाचणी लुडबुड करत होती. म्हटलं, हा तरी मन लावून करावा. भिंग लावलं.

आणि पुन्हा लावलं. काच पुसून पुन्हा बघितलं.

कडा सरळसोट! एकही धागा ओढलेला नाही, आखूड-लांब नाही. दात लागलेलेच नव्हते त्या कापडाला. हे भोक कात्रीने कापलं होतं!

मी टुणकन उडी मारली. टाचणीला खिशात धरून दुकानभर नाचले. "आत्या!" मी जिन्यातून हाक मारली. "आत्या, सशाने कात्री घेतली!"

"डोक्यावर पडलीस का गं?" वरून आवाज आला.

तो आला तेव्हा त्याच्या हातात न्यायचं खोकं होतं आणि डोळे जागरणाचे दिसत होते. शर्ट घेऊन मी त्याला वर नेलं. टाचणीला पिंजऱ्यात सोडलं, आणि त्याला वाट करून दिली. त्याने खालून हात घातला, तळवा उघडा. गुंडी आली, त्याला हुंगलं, ओळख दिली... आणि त्याच्या हातावरून सरळ माझ्या हातावर, तिथून खांद्यावर, मानेपाशी. कर्र... कर्रर्र...

तो ऐकत राहिला.

"ही... ही तर खूश आहे," तो हळूच म्हणाला.

"खूश नसायला काय झालं?" आत्या दारातून म्हणाली. "दिवसभर हिच्या खिशात असतात दोघी. अंडं तर माझ्या हातचंच लागतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे... तुम्ही मला मामा बनवलंत?"

"बनवलं," मी म्हणाले. आता काय लपवायचं! "त्या केव्हाच रुळल्यात. पण रुळल्या म्हटलं असतं, तर तुम्ही यायचे थांबला असतात. आणि मला ते... नको होतं. अजिबात नको होतं."

मग मी शर्ट त्याच्यासमोर धरला. "आणि हे काय? तुमचा ससा शिंपीकाम शिकतोय वाटतं?"

तो भोकाकडे बघत राहिला. कान पुन्हा लाल. "ससा जरा... हुशार आहे."

"ससा आहे तरी का?"

"नाही." आणि तो एकदम हसला. "चांगले शर्ट होते गं सगळे! कापताना जीव तुटायचा."

गं! तो मला 'गं' म्हणाला!

"मग यांना न्यायला का निघालास?" मीही मागे हटले नाही. "नेल्यावर इथे कशाला आला असतास?"

"म्हणूनच तर झोप लागेना. पण तू म्हणालीस, त्या जेवत नाहीत. तू भेटावीस म्हणून त्यांचे हाल करायचे का?" त्याने खोकं खाली ठेवलं. "म्हटलं, उंदीर गेले तर जाऊ देत. शर्ट अजून बरेच आहेत."

मला इतकी लाज वाटली, आणि इतकं प्रेम आलं त्याच्यावर, की डोळेच भरले.

"रागावलीस?" त्याने विचारलं. "बोल ना काहीतरी. मला आवडतेस तू. पहिल्या किंकाळीपासून."

मी जवळ गेले. त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि दात खाल्ले. कर्रर्र...

तो क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा असा काही उजळला... आणि त्याने माझा हात हातात घेऊन तस्संच उत्तर दिलं. माझ्यापेक्षा मोठ्याने.

आत्या केव्हाची स्वयंपाकघरात गेली होती. तिथून तिने विचारलं, "कोण गं एवढे दात खातंय? गुंडी का?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "उंदीरमामा!"

"मामा नाही हं," तो ओरडून म्हणाला, आणि हात काही सोडला नाही.